वाल्मीकीची वानरसेना

'वानरसेना' हा शब्द आपण दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. रामनवमीच्या उत्सवात देवळाच्या सभामंडपात कीर्तनाला बसलो असता तो कानावर आला, की आपले हात आपोआप जोडले जातात. दुसऱ्या दिवशी कचेरीत, शाळेत किंवा देवस्थानच्या समितीच्या बैठकीत तोच शब्द अगदी वेगळ्या सुरात ऐकू येतो. "काय सांगावे, सगळी वानरसेना पदरी पडली आहे!" असे एखादा कार्यवाह, मुख्याध्यापक किंवा विभागाचा प्रमुख कपाळाला हात लावून म्हणतो. ज्यांस काम येत नाही, जे वेळेवर येत नाहीत आणि आले तर गोंधळच अधिक करितात, अशा मंडळींस तो शब्द लावला जातो. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे झाले, आणि त्यांपैकी रामायणाच्या अधिक जवळचा कोणता, हा प्रश्न मला बरेच दिवस छळीत होता. त्याचे कारण थोडे खाजगी आहे. ते प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवळात उत्सवाचे नाटक बसविण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. गोमंतकातील उत्सवी नाटकाची ओळख वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. काम करणारी मंडळी गावचीच : कोणी दुकानदार, कोणी बँकेतील कारकून, कोणी बागायतीत राबणारा. तालमीला वेळेवर येणारे थोडे. जे येत त्यांस संवाद पाठ नसत, आणि ज्यांस संवाद पाठ असत त्यांस हात कोठे ठेवावेत हे ठाऊक नसे. एके रात्री वर गुंडाळला जाणारा पडदा मध्येच तिरपा होऊन अडकला. चार तरुण चार दिशांनी दोऱ्या ओढू लागले आणि पडदा अधिकच वाकडा झाला. तेव्हा माझा संयम सुटला. सर्वांदेखत मी म्हणालो, "ही वानरसेना घेऊन मी लंकेला कसा पोचणार?" सगळे हसले, मीही हसलो. इतक्यात कोपऱ्यात समया पुसत बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले. त्यांनी एका बाजूची गाठ सोडून दोरी थोडी सैल केली, पुन्हा बांधली, आणि पडदा सरळ वर गेला. तरुणपणी ते नाटकांच्या पडद्यामागे दोऱ्यांचे काम करीत असत, हे मला त्या रात्री प्रथम कळले. "काका, मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?" असे मी विचारले. समईकडे परत वळता वळता ते एवढेच म्हणाले, "म्हाका कोणें विचारलें?"

हे उत्तर आपण पूर्वी कोठे तरी वाचले आहे, असे मला घरी जाताना वाटत राहिले. शोध घेता ते वाल्मीकिरामायणात सापडले. ते कोणाच्या तोंडी आहे हे योग्य ठिकाणी येईलच. परंतु त्या शोधाच्या निमित्ताने किष्किंधाकांडापासून युद्धकांडाच्या पूर्वार्धापर्यंतचा भाग मी एका वेगळ्या दृष्टीने पुन्हा वाचला. अकुशल, चंचल आणि अर्धवट शिकलेल्या माणसांकडून मोठे काम करून घेण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्या दृष्टीने हा भाग वाचला तर काय दिसते, ते येथे मांडावयाचे आहे. मी रामायणाचा प्रचलित पाठ आधारास घेतला आहे. लंका कोठे, योजन किती कोसांचे, या वादांत शिरण्याचे येथे कारण नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वाल्मीकीने आपल्या वानरांचे दोष झाकलेले नाहीत. वालीच्या वधानंतर पावसाळ्याचे चार महिने राम गुहेत कंठतो, आणि ज्याने साहाय्याचे वचन दिले तो सुग्रीव राज्य व सुखोपभोग मिळताच कालमर्यादेचे भान विसरतो. हनुमान आठवण देतो तेव्हा तो सैन्य जमविण्याची आज्ञा सोडतो व पुन्हा अंतःपुरात रमतो. क्रुद्ध लक्ष्मण किष्किंधेच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि त्याच्या रागापुढे प्रथम तारेला जावे लागते. म्हणजे या सेनेतील पहिला दिरंगाई करणारा तिचा राजाच आहे. आपल्या हाताखालच्या लोकांविषयी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग नीट वाचावा. कवीने दोषाची गणना वरपासून सुरू केली आहे.

परंतु जागा झाल्यावर हाच सुग्रीव जे करितो ते फार विचार करण्यासारखे आहे. तो वानरांस नुसते "जा आणि शोधा" असे सांगत नाही. पूर्वेस विनत, दक्षिणेस अंगद, पश्चिमेस सुषेण व उत्तरेस शतबली अशा चार तुकड्या तो करितो आणि प्रत्येकीस त्या दिशेचे सविस्तर वर्णन ऐकवितो. कोणते पर्वत लागतील, कोणत्या नद्या ओलांडाव्या लागतील, कोठे कोणते लोक राहतात, कोणत्या सीमेपलीकडे जाण्यात अर्थ नाही, हे सर्व तो सांगतो. या वर्णनांस चार सर्ग लागले आहेत. कित्येक वाचक ते कंटाळून सोडून देतात. मीही पूर्वी सोडीत असे. आता वाटते की ज्यास रस्ता ठाऊक नाही त्याला रस्ता सांगणे हे नायकाचे पहिले कर्तव्य असल्यामुळेच कवी येथे थांबला आहे. तुला ही पृथ्वी इतकी कशी माहीत, असे रामाने कौतुकाने विचारले असता सुग्रीव जे सांगतो तेही लक्षात घेण्यासारखे आहे. वालीच्या भयाने तो दिशादिशांस पळत हिंडला होता. तेव्हा हे सारे त्याच्या पाहण्यात आले. स्वतःच्या विपत्तीत मिळालेले ज्ञान त्याने लपवून ठेविले नाही, हाताखालच्यांस वाटून दिले.

मात्र याच ठिकाणी सुग्रीवाने एक चूक केली, असे मला वाटते. त्याने एका महिन्याची मुदत घातली व मुदत मोडणाऱ्यास देहान्ताचे शासन सांगितले. परिणाम काय झाला ते पाहा. तीन दिशांच्या तुकड्या हात हलवीत, परंतु मुदतीत परत आल्या. दक्षिणेची तुकडी सर्वांत चिकाटीची होती. तिने विंध्याच्या गुहा धुंडाळिल्या, ऋक्षबिलात शिरून स्वयंप्रभेच्या साहाय्याने ती बाहेर पडली, आणि एवढ्यात महिना सरून गेला. आता रिकाम्या हातांनी परतणे म्हणजे मरण, या भीतीने तिची शक्तीच गळून गेली. गुहेतच लपून राहावे असा बेत निघाला. अंगद, म्हणजे त्या तुकडीचा नायकच, सुग्रीवाविषयी संशयाने बोलू लागला. तुकडी फुटू नये म्हणून हनुमानाला भेदनीतीचा अवलंब करावा लागला, तरीही शेवटी सर्वजण अन्नपाणी वर्ज्य करून मरणाची वाट पाहत बसले. जटायूचे नाव ऐकून संपाती जवळ आला नसता, तर सीतेचा शोध तेथेच संपला असता. ज्या धाकाने काम वेळेवर व्हावे अशी राजाची अपेक्षा होती, त्याच धाकाने सर्वांत प्रामाणिक माणसे सर्वांत आधी खचली. ज्यांनी थोडे शोधून वेळेत परत येणे पत्करले त्यांना धाकाची झळ लागली नाही. जे कामात खोल शिरले त्यांनाच ती लागली. आजच्या कित्येक कचेऱ्यांत मुदतीचा कागद भिंतीवर लावणाऱ्या अधिकाऱ्यास हा अनुभव नवा वाटणार नाही.

यानंतर समुद्रकिनाऱ्यावरील सभा येते. माझ्या मते या सबंध कथाभागाचे मर्म तेथे आहे. समोर शंभर योजने पाणी पसरलेले पाहून वानर हतबल होतात. अंगद त्यांस धीर देतो, रात्र जाऊ देतो, आणि सकाळी एक साधा प्रश्न विचारतो : कोण किती उडी मारू शकेल? मग एकेक जण उठून आपले माप सांगतो. गज म्हणतो दहा योजने, गवाक्ष म्हणतो वीस. संख्या दहादहाने चढत जाते. गंधमादन पन्नास सांगतो, मैंद साठ, द्विविद सत्तर. वृद्ध जांबवान नव्वद सांगतो आणि तरुणपणी आपली गती याहून कितीतरी अधिक होती हेही सांगतो. शेवटी अंगद म्हणतो की मी शंभर योजने जाईन, परंतु परत येईन की नाही याची खात्री नाही.

या सभेत कोणीही खोटे बोलत नाही, हे या प्रसंगाचे सौंदर्य आहे. शंभर योजनांची गरज असताना "मला दहाच येतात" असे भर सभेत उठून सांगणे सोपे नाही. गजाला कोणी हसले, असे कवीने लिहिलेले नाही. किंबहुना ज्या सभेत दहा सांगणाऱ्यास हसतात, त्या सभेत पुढच्या खेपेस सगळेच शंभर सांगू लागतात. आणि हा गज पुढे टाकून दिला गेलेला नाही. युद्धकांडात लंकेचा वेढा पडतो तेव्हा दक्षिण दाराशी अंगदाबरोबर जे उभे आहेत त्यांत ऋषभ, गवय व गवाक्ष यांच्यासह गजाचेही नाव आहे. उडी त्याचे काम नव्हते. दार अडविणे त्याचे काम होते. मापाची कबुली ज्याने दिली, त्याला त्याच्या मापाचे काम मिळाले.

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. सर्वांनी खरे सांगितले, बेरीज झाली, आणि तरीही काम अशक्यच राहिले. अंगद स्वतः निघू पाहतो. आपल्याकडील पुष्कळ कार्यवाहांप्रमाणे त्यालाही वाटते की कोणासच येत नसेल तर मीच करावे. जांबवान त्याला अडवितो. नायक हा कार्याचे मूळ आहे, मूळ जपले पाहिजे, अशा आशयाचे तो बोलतो. आणि मग तो, इतका वेळ एका बाजूला काही न बोलता बसलेल्या हनुमानाकडे वळतो. त्याला त्याच्या जन्माची कथा सांगतो, बालपणीच्या सूर्याकडील झेपेची आठवण देतो. ऋषींच्या शापाने हनुमानाला आपले बळ आठवत नसे, असा खुलासा उत्तरकांडात आला आहे. परंतु शाप बाजूस ठेविला तरी प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. सभेत प्रश्न सर्वांस विचारला होता. ज्याच्यापाशी उत्तर होते तो एकटाच गप्प होता. सर्वांस एकत्र विचारणे पुरेसे नाही, एकेकास ओळखणारा कोणी तरी सभेत असावा लागतो. जांबवान नव्वद योजनांच्या पुढे जाऊ शकत नव्हता, त्याचे वय झाले होते. पण कोण कोठे वाढला, कोणी लहानपणी काय केले, हे त्याच्या स्मरणात होते. शंभर योजनांची उडी हनुमानाने मारली खरी, पण ती जांबवानाच्या स्मरणशक्तीच्या खांद्यावरून मारली. काम जुने झाले म्हणून ज्या माणसास आपण कोपऱ्यात बसवितो, त्याचा हा उपयोग आपण लक्षात घेत नाही.

पुढचा प्रसंग मधुवनाचा. सीतेचा शोध लावून परतलेली ही मंडळी सरळ राजाकडे न जाता वाटेत सुग्रीवाच्या जपून राखलेल्या मधुवनात शिरते, मध पिऊन धुंद होते, झाडे मोडते, आणि रखवालदार दधिमुख अडवू लागला तर त्यालाच मारहाण करिते. दधिमुख नात्याने सुग्रीवाचा मामा. तो तक्रार घेऊन येतो. शिस्तीचा प्रश्न येथे खराच आहे. वानरांच्या वागण्याचे समर्थन कवी करीत नाही. परंतु सुग्रीव रागावण्याच्या आधी विचार करितो. काम फसले असते तर मधुवनास हात लावण्याचे धाडस यांना झाले नसते, ज्याअर्थी हे इतके उन्मत्त झाले त्याअर्थी सीता सापडली, असे अनुमान तो काढितो व अपराध पोटात घालून त्यांस त्वरित बोलावून घेतो. मुदतीच्या वेळी देहान्ताचे शासन सांगणारा राजा आणि हा राजा एकच आहे. मधल्या काळात सुग्रीवही काही शिकला, असे मला हा भाग वाचताना वाटते. अकुशल मंडळी सुधारत जातात याचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यांच्याबरोबर त्यांचा नायकही सुधारत जातो, हे वाल्मीकीने दाखविले आहे.

या सभेशेजारी आता दुसरी सभा ठेवून पाहावी. युद्धकांडाच्या आरंभी रावण आपल्या मंत्र्यांस विचारविनिमयासाठी बोलावितो. ही मंडळी अकुशल नाहीत. शस्त्रविद्येत निपुण, संपन्न, आज्ञाधारक असा हा समुदाय आहे. येथेही एकेक जण उठून बोलतो : प्रहस्त, दुर्मुख, वज्रदंष्ट्र, निकुंभ, वज्रहनु. परंतु आपले माप कोणीच सांगत नाही. मी एकटाच शत्रूचा निःपात करितो, एवढाच सर्वांचा सूर आहे. एकच वानर येऊन लंका जाळून गेला, ही वस्तुस्थिती समोर असताना प्रत्येक जण राजाला आवडेल तेच बोलतो. विरुद्ध बोलतो तो एक बिभीषण, आणि शेवटी अपमान सोसून तो सभाच सोडून जातो. एका सभेत दहा योजने सांगणाऱ्यास जागा आहे, दुसऱ्या सभेत खरे सांगणाऱ्यास जागा नाही. युद्धाचा निकाल पुढे लागला, पण माझ्या मते कवीने तो या दोन सभांतच लावून ठेविला आहे. कुशल माणसे मिळाली की कार्य सिद्धीस गेलेच, असे समजणाऱ्यांनी लंकेची सभा अवश्य वाचावी.

आता सेतूकडे वळू. तीन रात्री दर्भावर पडून राहूनही समुद्र प्रसन्न होत नाही, तेव्हा राम धनुष्य उचलतो. समुद्र प्रकट होऊन सांगतो की तुझ्याच सैन्यात नल नावाचा वानर आहे, तो विश्वकर्म्याचा पुत्र असून पित्याची विद्या त्याला अवगत आहे, सेतू त्याने बांधावा. नल उठून सांगतो की हे खरे आहे, मला हे काम येते. परंतु कोणी विचारल्याशिवाय आपले गुण आपणच कसे सांगावेत, म्हणून मी बोललो नव्हतो. समया पुसणाऱ्या आमच्या काकांचे उत्तर मी वाचले होते ते येथे. ज्या सेनेला समुद्र ओलांडावयाचा होता, त्या सेनेतच सेतू बांधणारा होता. राम तीन रात्री समुद्राची प्रार्थना करीत राहिला आणि नल काही अंतरावर बसून होता. हनुमानाच्या मौनाचा प्रसंग वाचून आपण विसरू नये म्हणून की काय, कवीने तोच अनुभव दुसऱ्या माणसाकडून पुन्हा आणला आहे.

यापुढील वर्णन तर एखाद्या कामाच्या जागेवरील नोंदवहीसारखे आहे. वानर साल, धावडा, अर्जुन, ताड, वेळू इत्यादी झाडे उपटून आणतात. हत्तीएवढ्या शिळा यंत्रांनी वाहून आणिल्या जातात. काही जण सूत्र धरून उभे आहेत, काही जणांच्या हाती मापाचे दंड आहेत. आणि मग आकडे येतात. पहिल्या दिवशी १४ योजने, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवशी २१, चौथ्या दिवशी २२ व पाचव्या दिवशी २३; पाच दिवसांत १०० योजने पूर्ण. कवीला नुसता चमत्कारच सांगावयाचा असता तर "एका रात्रीत सेतू झाला" असे त्याने लिहिले असते. सोय पाहावयाची असती तर रोज वीस योजने अशी सरळ वाटणी केली असती. त्याने पहिला दिवस सर्वांत कमी धरिला. ज्यांनी जन्मात कधी बांधकाम केले नाही त्यांचा पहिला दिवस असाच जाणार. दुसऱ्या दिवशी एकदम सहा योजनांची वाढ आहे, कारण काम हाती बसले. पुढे रोज एकेकच योजन वाढते, कारण कसब आले की वाढ मंद होते, पण ती थांबत नाही. नव्या माणसांस काम शिकविण्याचा ज्यास अनुभव आहे, त्याने हे आकडे ताडून पाहावेत. पहिल्या दिवसाच्या कामावरून माणसाची परीक्षा करून त्यास निकालात काढणाऱ्या अधिकाऱ्यास वाल्मीकीचे उत्तर या पाच आकड्यांत आहे.

येथे एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. बालकांडाप्रमाणे हे वानर देवांचे अंश होत. नल विश्वकर्म्याचा, हनुमान वायूचा. मग यांस अकुशल कसे म्हणावे? आमच्या कचेरीत वायुपुत्र कोठून आणावा? याचे उत्तर असे की देवांच्या अंशाने त्यांस बळ दिले, कामाची रीत दिली नाही. देवांश असूनही ते किनाऱ्यावर हतबल झाले, गुहेपाशी फुटू लागले, मधुवनात शिस्त विसरले. नलापाशी विद्या होती तरी तो विचारल्यावाचून उठला नाही. दुसरे असे की मी प्रत्येक कोपऱ्यात नल बसलेला असतो असे म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी दगड वाहणारेच अधिक असतात, आणि काही जण दगडही वाहत नाहीत. पण सूत्र कोणी धरावे व दंड कोणी धरावा हे ठरलेले असेल, तर दगड वाहणाऱ्याच्या श्रमाचाही सेतू होतो. ते ठरलेले नसेल तर नुसता ढीग होतो, आणि ढिगाचा दोष दगड वाहणाऱ्यावर जातो.

मला खरी तक्रार करावयाची आहे ती आपल्या कथनपरंपरेविषयी, आणि ती आदर राखूनच करितो. महाराष्ट्रात व गोमंतकात रामकथा घरोघर पोचली ती एकनाथांच्या भावार्थरामायणाने, श्रीधरांच्या रामविजयाने आणि कीर्तनकारांच्या मुखाने. हे ऋण फिटणारे नाही. परंतु सेतूचा प्रसंग आज देवळात जसा ऐकू येतो त्यात रामनाम लिहिताच शिळा तरंगू लागतात, आणि सारे लक्ष तेथेच खिळते. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही नल व नील यांस बालपणी लाभलेल्या ऋषींच्या आशीर्वादाने पाषाण तरतात, असे समुद्राच्या तोंडून आले आहे. भक्तीच्या दृष्टीने हे मोलाचे आहे, त्याबद्दल वाद नाही. शिवाय आपल्या आवडीची खारीची गोष्ट आहे. ती वाल्मीकीत नाही, पण गोड आहे. तथापि या साऱ्यात सूत्र, दंड, यंत्रे, पाच दिवसांचे आकडे आणि "मला विचारले नव्हते" म्हणणारा नल मागे पडतो. राहतो तो एकीकडे चमत्कार आणि दुसरीकडे धावपळ करणारा मर्कटांचा घोळका. मग त्या घोळक्याचे नाव शिवीसारखे वापरावे असे आपणांस वाटले तर नवल काय? 'वानरसेना' शब्दाचा दुसरा अर्थ येथून आला, असा माझा तर्क आहे. चमत्काराने देवाचा गौरव होतो, परंतु त्याच्या आड वानरांचे श्रम झाकले गेले तर रामाच्या एका मोठ्या गुणाकडे आपले दुर्लक्ष होते. अयोध्येचे शिकविलेले सैन्य न मागविता, जे मिळाले त्यांच्यावर विश्वास ठेवून त्याने कार्य सिद्धीस नेले, हा तो गुण होय.

ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणात, जे सुधीर फडके यांच्या संगीतासह पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून सुमारे वर्षभर प्रसारित झाले, सेतुबंधनाचे गीत वानरांच्याच तोंडी घातले आहे. कवीने तेथे श्रम करणाऱ्यांस बोलू दिले, हे त्याच्या वाल्मीकिनिष्ठेचे लक्षण मला वाटते. आपल्या कीर्तनकारांनीही एखाद्या रामनवमीस पूर्वरंगात नाही तरी उत्तररंगात हे पाच आकडे श्रोत्यांस ऐकवावेत, आणि नलाचे वाक्य सांगून क्षणभर थांबावे, एवढी विनंती आहे. सभामंडपात बसलेल्या श्रोत्यांत कचेऱ्या चालविणारे असतात, शाळा चालविणारे असतात, उत्सवाच्या समित्या चालविणारेही असतात. आपल्या माणसांविषयीची त्यांची तक्रार बहुधा खोटी नसते. पण आपण त्यांना काय सांगितले, काय विचारले, आणि विचारूनही जो गप्प राहिला त्याच्याकडे कोण वळले, हे प्रश्न त्यांनी स्वतःस घालावेत.

आमचे नाटक शेवटी झाले. ते उत्तम झाले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या अंकात दोघे जण संवाद विसरले आणि प्रॉम्पटरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पण पडदा प्रत्येक वेळी सरळ वर गेला, कारण दोऱ्यांपाशी ते काका उभे होते व त्यांच्या शेजारी दोन तरुण शिकत होते. पुढल्या वर्षीच्या पहिल्या तालमीच्या दिवशी मी प्रत्येकाजवळ स्वतः जाऊन त्याला काय येते ते विचारले. एक जण म्हणाला, "मला रंग कालविता येतात." दुसरा म्हणाला, "मला काहीच येत नाही, पण मी रोज येईन." मी दोघांचीही नावे लिहून घेतली. त्यानंतर 'वानरसेना' हा शब्द मी त्या मंडपात पुन्हा उच्चारला तो एकदाच, कीर्तनात, हात जोडून.